पुरातन इराणी रेशमी जानमाज आणि त्यांचे विणकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानमाज म्हणजे नेमके काय आणि तो इतर गालिच्यांमधून कसा ओळखावा?

‘जानमाज’ या फारसी शब्दाचा अर्थ नमाजाची जागा असा आहे. ‘सज्जादा’ हा त्याच वस्तूचा दुसरा शब्द. एका माणसाला उभे राहून, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावता येईल एवढाच त्याचा आकार असतो. त्याची खूण म्हणजे एका टोकाला विणलेली कमान. मशिदीत मक्केची दिशा दाखवणारा जो कोनाडा असतो त्याला मिहराब म्हणतात, आणि गालिच्यावरची कमान हे त्या मिहराबाचेच रूप आहे. सामान्य गालिच्याची नक्षी बहुधा मध्यापासून चारही बाजूंना सारखी पसरते. जानमाजाला मात्र निश्चित वरची आणि खालची बाजू असते.

कमानीखाली पुष्कळदा टांगलेला दिवा दिसतो. कुराणातील ‘नूर’ या सूरेच्या ३५व्या आयतीत ईश्वराच्या प्रकाशाला कोनाड्यातील दिव्याची उपमा दिली आहे, तिच्याशी या आकृतीचा संबंध जोडला जातो. दिव्याऐवजी फुलदाणी, दोन बाजूंना खांब किंवा पक्ष्यांनी भरलेले जीवनवृक्ष हेही काशान आणि तब्रीझ या इराणी शहरांच्या कामात नेहमी आढळतात. आपल्या ‘गालिचा’ या शब्दाचे मूळ फारसी ‘कालीचा’, म्हणजे लहान कालीन, हे आहे. त्या अर्थाने जानमाज हा खराखुरा गालिचा ठरतो.

रेशमी जानमाजांवर प्रत्यक्ष नमाज पढली जात असे का?

काहींवर पढली गेली असेल, परंतु बहुसंख्य रेशमी जानमाज त्यासाठी विणलेले नव्हते असे मानायला सबळ कारणे आहेत. इस्लामी परंपरेत पुरुषांना शुद्ध रेशमी वस्त्र वर्ज्य आहे, आणि रेशमावर नमाज पढण्याविषयी धर्मशास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. इराण शियापंथीय आहे; शिया भाविक सजद्याच्या वेळी कपाळ माती, दगड किंवा खाण्याच्या व नेसण्याच्या कामी न येणाऱ्या वनस्पतीजन्य पदार्थावर टेकवतात, म्हणून ते गालिच्यावर ‘मोहर’ नावाची मातीची छोटी वडी ठेवतात. रेशीम हे त्यांच्या दृष्टीने कपाळ टेकण्याचे साधन नाही.

दुसरा पुरावा गालिच्यांच्या अंगावरच दिसतो. पुष्कळ जुन्या रेशमी जानमाजांवर गुडघे आणि कपाळ टेकते तिथली लव, म्हणजे वर उभी राहणारी धाग्यांची मऊ टोके, झिजलेली नसते. झीज असलीच तर ती घडीच्या रेषेवर किंवा टांगलेल्या कडेवर असते. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातले रेशमी जानमाज भिंतीवर लावण्यासाठी, नजराणा म्हणून देण्यासाठी किंवा युरोप-अमेरिकेत पाठवण्यासाठीच मोठ्या प्रमाणात विणले गेले. त्यामुळे त्यांचे मोल कमी होते असे मुळीच नाही, मात्र ‘शेकडो वर्षे कुटुंबात नमाजासाठी वापरलेला’ ही विक्रेत्याची कहाणी कोऱ्या करकरीत लवेशी जुळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आज पाहायला किंवा विकत मिळणारे रेशमी जानमाज कोणत्या काळातले असतात?

सफावी काळातले, म्हणजे १५०१ ते १७२२ या दरम्यानचे, इराणी जानमाज अत्यंत दुर्मीळ आहेत आणि ते जवळजवळ सगळे संग्रहालयांत आहेत. पहिल्या शाह अब्बासाच्या काळात (१५८८ ते १६२९) इस्फहान आणि काशान येथे रेशीम व सोन्या-चांदीच्या तारा वापरून बिछायती विणल्या जात. पोलंडचा राजा तिसरा सिगिस्मुंड याने १६०१ मध्ये सेफर मुराटोविच या आर्मेनियन व्यापाऱ्याला खास काशानला पाठवून अशा बिछायती करवून घेतल्या होत्या. १७२२ मध्ये अफगाण आक्रमणात इस्फहान पडले आणि दरबारी कारखान्यांचा आधार गेला.

बाजारात ‘पुरातन इराणी रेशमी जानमाज’ म्हणून जे दिसते ते साधारणपणे १८७० ते १९२५ या काळातले, म्हणजे काजार राजवटीच्या अखेरचे असते. या कालखंडामागचे एक कारण सहसा सांगितले जात नाही. कास्पियन समुद्राकाठचा गिलान प्रांत हा इराणच्या कच्च्या रेशमाचा मुख्य स्रोत होता. १८६०च्या दशकात रेशीमकिड्यांवर पेब्रिन हा रोग पडला आणि गिलानचा रेशीमधंदा काही वर्षांतच कोसळला. निर्यातीचे मोठे साधन हातचे गेल्यावर व्यापाऱ्यांनी आपले भांडवल ज्या दुसऱ्या मालाकडे वळवले त्यात गालिचा प्रमुख होता. त्याच सुमारास युरोपातून येणाऱ्या यंत्रमागाच्या स्वस्त कापडाने काशानचा जुना वस्त्रोद्योग मोडीत काढला होता आणि तिथले कसबी हात रिकामे होते. गालिच्याचा हा दुसरा बहर अशा दुहेरी संकटातून आला.

कुम शहराचे रेशमी गालिचे जगप्रसिद्ध आहेत, पण तिथे गालिचा विणणे १९३०च्या दशकात सुरू झाले. म्हणून ‘१९व्या शतकातला कुमचा रेशमी जानमाज’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे.

काशान, तब्रीझ आणि हेरीझ यांच्या कामात फरक कोणता?

पहिला फरक गाठीचा आहे. काशानमध्ये असममित गाठ मारली जाते: लवेचा धागा ताण्याच्या (मागावरच्या उभ्या धाग्यांच्या) एका तारेला पूर्ण वेढा घालतो आणि शेजारच्या तारेच्या मागून फक्त निघून जातो. तब्रीझ आणि हेरीझ हे तुर्की भाषा बोलणाऱ्या अझरबैजान प्रांतात येतात. तिथे सममित गाठ चालते, जिच्यात धागा दोन्ही तारांना वेढतो. तब्रीझचे विणकर पाते आणि आकडा एकत्र असलेले हत्यार वापरून गाठ ओढतात आणि लगेच कापतात, त्यामुळे त्यांचा वेग अधिक असतो. जुन्या व्यापारी परिभाषेत असममित गाठीला ‘सेन्ने’ गाठ म्हणत, आणि गंमतीची गोष्ट अशी की सेन्ने, म्हणजे आजच्या सनंदज, येथील विणकर स्वतः सममित गाठ मारतात.

नक्षीच्या दृष्टीने काशानची रेषा मऊ आणि वळणदार असते, तब्रीझची रेखीव आणि काटेकोर. हेरीझचे लोकरी गालिचे मोठ्या कोनदार आकृत्यांसाठी ओळखले जातात, पण १९व्या शतकाच्या उत्तरार्धात तिथेच अतिशय नाजूक रेशमी गालिचेही झाले आणि माझ्या मते रंगांच्या बाबतीत त्यांच्या तोडीचे काम थोडेच आहे. गंजाची तांबूस छटा, हस्तिदंती पांढरा आणि फिकट हिरवा यांचा त्यांतला मेळ एकदा पाहिला की विसरता येत नाही.

काशानचा आणखी एक खास प्रकार म्हणजे ‘सूफ’. त्यात पार्श्वभूमी सपाट विणून, बहुधा जरीने भरून, केवळ नक्षीपुरती रेशमी लव उठवली जाते.

‘मोहतशम काशान’ आणि ‘हाजी जलीली तब्रीझ’ ही विणकरांची नावे आहेत का?

नाहीत, आणि या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आमच्या मते हाच आहे. हाजी मुल्ला हसन मोहतशम हे काशानमधले आणि हाजी जलीली हे तब्रीझ परिसरातले गालिच्यांचे उस्ताद-उत्पादक. रेशीम विकत घेणे, रंग करवणे, नक्षी ठरवणे, माग चालवणे आणि माल विकणे हे त्यांचे काम होते. गाठी त्यांनी मारल्या नाहीत. शिवाय त्यांची नावे आज ज्या गालिच्यांना चिकटवली जातात त्यांपैकी फार थोड्यांवर काही लिहिलेले आढळते. उत्तम दर्जा, विशिष्ट रंग आणि कडेला जांभळट रेशमाची बांधणी दिसली की व्यापारी ‘मोहतशम’ म्हणून मोकळे होतात. असे नाव ही दर्जाची पावती समजावी, कर्तृत्वाचा पुरावा समजू नये.

मोहतशमांविषयी गालिच्यांच्या व्यापारात एक कथा सांगितली जाते. कापडाच्या या व्यापाऱ्याकडे परदेशी लोकरी सूत पडून राहिले होते. त्यांची पत्नी सुलतानाबादची, म्हणजे आजच्या अराकची. तिला माहेरी गालिचा विणायची विद्या मिळालेली होती. तिने त्या सुतातून एक गालिचा विणून दाखवला आणि त्यातून काशानच्या नव्या धंद्याला सुरुवात झाली. कथेतले तपशील कितपत खरे हे बाजूला ठेवू. पण जिच्या हातांनी सुरुवात झाली असे ती कथाच सांगते, त्या स्त्रीचे नाव कथेत येत नाही आणि शैलीला नाव मिळते ते पतीचे. पुरातन इराणी गालिच्यांच्या इतिहासात असेच होत आले आहे.

सफावी काळातही वेगळे नव्हते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबिलच्या प्रसिद्ध गालिच्यावर (तो जानमाज नाही, पण त्याचा ताणा-बाणा रेशमी आहे) मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४०, हे वर्ष विणलेले आहे. अभ्यासक मकसूदला आराखडा करणारा किंवा कामावर देखरेख ठेवणारा मानतात. एवढ्या अवाढव्य गालिच्यावर वर्षानुवर्षे जे हात राबले त्यांच्यासाठी त्या चौकटीत एक ओळही नाही.

मग प्रत्यक्ष विणकर कोण होते आणि ते कसे काम करत?

काशानमध्ये मुख्यतः स्त्रिया आणि मुली, त्याही घरातच. खोलीत किंवा अंगणालगतच्या ओसरीत उभा माग असे, व्यापारी रेशीम आणि नक्षीचा कागद पुरवी, आणि मजुरी कामाच्या मोजमापावर मिळे. तब्रीझमध्ये शहरी कारखान्यांत पुरुष आणि लहान मुलगे ओळीने बसत. काही ठिकाणी एकजण नक्षी मोठ्याने वाचून दाखवी: अमुक रंगाच्या इतक्या गाठी, मग तमुक रंगाच्या इतक्या, आणि विणणारे त्या सुरावर गाठी मारत. वाचणारा जे बोले ते कागदावर कुठेही उरले नाही, पण गालिच्यात गाठ न् गाठ उरले आहे.

या कामाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. लहान बोटे बारीक गाठी सफाईने मारतात, या सबबीवर लहान मुलांना मागावर बसवले जाई. अंधाऱ्या, दमट खोल्यांत तासन्‌तास मांडी घालून बसल्यामुळे मुलींची हाडे वाकत आणि पुढे बाळंतपणात त्याचे भयंकर परिणाम होत. किरमानच्या गालिचा-कारखान्यांविषयी तिथे काम केलेल्या परदेशी डॉक्टरांनी असे लिहून ठेवले आहे. याविरुद्ध आवाज उठल्यावर १९२०च्या दशकाच्या प्रारंभी किरमानमध्ये सरकारी हुकूम निघाला: कामाचे आठ तास, आणि आठ वर्षांखालील मुलगे व दहा वर्षांखालील मुली यांना कामावर घेण्यास बंदी. एवढ्या कमी वयाची मर्यादा हीच त्या वेळी सुधारणा होती, यावरून आधीच्या स्थितीची कल्पना यावी. सुंदर गालिचा पाहताना हे विसरणे मला तरी योग्य वाटत नाही.

काशान आणि फार्स येथील गालिचे विणण्याच्या पारंपरिक कौशल्याचा युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

एका जानमाजाला किती वेळ लागत असे?

हिशेब करून पाहता येतो. १२० सेंटिमीटर रुंद आणि १७० सेंटिमीटर लांब असा जानमाज घेतला तर त्याचे क्षेत्रफळ २०,४०० चौरस सेंटिमीटर होते. चांगल्या रेशमी कामात चौरस सेंटिमीटरला ६० गाठी धरल्या तर एकूण १२ लाख २४ हजार गाठी होतात. कुशल हाताने दिवसाला ८,००० गाठी मारल्या असे मानले तरी एकट्या व्यक्तीला १५३ पूर्ण दिवस लागतात, आणि त्यात ताणा लावणे, प्रत्येक ओळीनंतर बाण्याचे धागे घालून फणीने ठोकणे, शेवटी लव कातरणे हे धरलेले नाही. आजारपण, सणवार, घरकाम आणि मुलेबाळे धरली तर वर्ष सहज निघून जाई.

गाठी जितक्या दाट तितका गालिचा श्रेष्ठ, हे खरे का?

दाट गाठींमुळे वळणदार रेषा स्वच्छ उतरते, एवढेच खरे आहे. रंगाची जाण आणि नक्षीतला तोल गाठी मोजून कळत नाही. शिवाय नुसत्या मोजणीत फसगतही होते. ‘जुफ्ती’ गाठीत दोनऐवजी चार तारांवर एक गाठ मारून वेळ वाचवला जातो. वरून लव भरगच्च दिसते, पण अंग विरळ असते आणि लवकर झिजते.

गालिच्यावर विणलेले वर्ष विश्वासार्ह मानावे का?

ते वाचावे, पण अंतिम मानू नये. हिजरी चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा लहान असल्यामुळे त्याचे इसवी सनात रूपांतर करताना वर्षाला ३३ ने भागून येणारी संख्या त्यातून वजा करावी आणि ६२२ मिळवावेत. १३१० हे वर्ष असेल तर १३१० वजा ४० अधिक ६२२, म्हणजे १८९२. मात्र १९२५ मध्ये इराणने सौर हिजरी पंचांग अधिकृत केले आणि त्यात फक्त ६२१ मिळवायचे असतात. त्या हिशेबाने तेच १३१० म्हणजे १९३१. एकाच आकड्याच्या दोन वाचनांत ३९ वर्षांचे अंतर पडते आणि ‘पुरातन’ हा शब्द लावायचा की नाही हे त्यावरच ठरते, कारण व्यापारात साधारणपणे १०० वर्षे पूर्ण झालेल्या गालिच्यालाच पुरातन म्हणतात.

फसवणुकीचा मार्गही सोपा आहे. फारसी लिपीतील ३ आणि २ या अंकांत एका दात्याचा फरक असतो. चार-दोन गाठी उसवून तिथे दुसऱ्या रंगाचा धागा भरला की १३१० चे १२१० होते आणि गालिचा एका बैठकीत शतकाने म्हातारा होतो. म्हणून अंकांच्या जागी गालिचा उलटा करून पाठीमागून पाहावे. नंतर भरलेल्या गाठी आजूबाजूच्या गाठींशी क्वचितच जुळतात.

रंगांवरून वय ठरवता येते का?

काही प्रमाणात येते. जुन्या पद्धतीत लाल रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून किंवा किरमिजी किड्यांपासून, निळा नीळेपासून, तपकिरी अक्रोडाच्या टरफलांपासून आणि पिवळट छटा डाळिंबाच्या सालीपासून मिळत. रंग पक्का बसावा म्हणून धागा आधी तुरटीत भिजवत. १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग तयार झाला आणि पुढच्या काही दशकांत अ‍ॅनिलीन रंग इराणात पोहोचले. त्यांतले जांभळे आणि किरमिजी रंग उन्हात लवकर विटत. काजार सरकारने त्यांच्यावर बंदी घातली, परंतु ती पूर्णपणे पाळली गेली नाही. लव बोटांनी फाकून पाहावी: टोकाला करडा आणि मुळाशी भडक जांभळा दिसला तर तो आरंभीचा कृत्रिम रंग असण्याची शक्यता दाट आहे. तेवढ्यावरून गालिचा नवा ठरत नाही. १८८० नंतरच्या अस्सल गालिच्यांतही असे रंग सापडतात.

इराणी म्हणून विकले जाणारे कोणते गालिचे प्रत्यक्षात इराणी नसतात?

सर्वांत मोठा गोंधळ इस्तंबूलच्या कुमकापी भागातील कामाविषयी होतो. १९व्या शतकाच्या अखेरीस आणि २०व्या शतकाच्या आरंभी तिथे आर्मेनियन उस्तादांनी सफावी जानमाजांच्या नमुन्यांवरून रेशीम आणि धातूच्या तारांचे अप्रतिम गालिचे विणले. झारेह पेन्यामिन यांची सही असलेले त्यांचे काम आज स्वतःच्या नावाने मान मिळवते आणि त्याला इराणी म्हणण्याची काहीच गरज नाही. तुर्कस्तानातील हेरेके आणि कायसेरी, आणि आपल्याकडचे काश्मीर, येथेही इराणी नक्षीचे रेशमी गालिचे होतात. कायसेरीच्या कामात रेशमाऐवजी चमक आणलेला सुती धागाही भरपूर वापरला गेला.

धागा रेशमी आहे की नाही हे दशांमधून गळालेला एखादा तंतू जाळून पाहता येते: खऱ्या रेशमाला जळक्या केसांसारखा वास येतो आणि मागे चुरगळणारा काळा कण उरतो, सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो. मात्र पुष्कळ गालिच्यांच्या दशा रेशमी आणि लव सुती असते, म्हणून लवेचाच तंतू तपासला पाहिजे.

तज्ज्ञांचीही चूक होते का?

होते, आणि उलट दिशेनेही होते. जॉर्ज साल्टिंग या संग्राहकाच्या नावाने ओळखला जाणारा गालिच्यांचा एक गट आहे, आणि त्याच जातीचे अनेक जानमाज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहेत. रेशमी ताणा-बाणा, लोकरीची लव आणि धातूच्या तारा अशी त्यांची घडण आहे. किनारीच्या वरच्या भागात कुराणातील वचने आणि खालच्या भागात, म्हणजे पाय पडतील तिथे, केवळ फुले अशी त्यांची विचारपूर्वक मांडणी असते. त्यांचे रंग इतके ताजे होते की २०व्या शतकात बराच काळ अनेक अभ्यासकांनी त्यांना १९व्या शतकातील तुर्की नकला ठरवले. पुढे रंगांचे विश्लेषण आणि घडणीचा बारकाईने अभ्यास झाल्यावर त्यांतले पुष्कळ १६व्या शतकातील इराणचे असल्याचे मत पुन्हा बळावले.

रेशमी म्हणजे सर्वांत महाग असे समजावे का?

नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ३७ लाख डॉलरना गेलेला आणि तोवरचे सगळे विक्रम मोडणारा १७व्या शतकातला इराणी गालिचा लोकरी लवेचा होता. वय, रंग, नक्षी आणि स्थिती या चार गोष्टी रेशमापेक्षा जास्त बोलतात. भारतातून १०० वर्षांहून जुनी कलावस्तू बाहेर नेण्यावर १९७२च्या कायद्याने निर्बंध आहेत, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

मुंबई-कोकणच्या हवेत असा गालिचा कसा सांभाळावा?

पावसाळ्यातली ओल, कसर आणि ऊन हे त्याचे तीन शत्रू. घडी कधीही घालू नये, कारण जुने रेशीम घडीच्या रेषेवर तुटते. लव बाहेरच्या बाजूस ठेवून जाड नळीभोवती गुंडाळावे आणि धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधावे. प्लास्टिकमध्ये बांधल्यास आत ओल साचून बुरशी येते. पावसाळा सरला की सावलीत उलगडून कडा आणि पाठ तपासावी. पाणी, साबण आणि घरगुती डागनाशके वापरू नयेत, कारण रेशमावरचे जुने लाल रंग फुटून शेजारच्या पांढऱ्यात उतरतात. भिंतीवर लावायचा असेल तर खिळे न ठोकता पाठीमागे सुती पट्टी शिवून तिच्यातून दांडी घालावी आणि सलग काही महिन्यांनंतर त्याला विश्रांती द्यावी. दुरुस्तीला देण्यापूर्वी पाठीची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवावीत. मूळ विणकरणीच्या गाठी कुठे संपतात आणि रफूगाराच्या कुठे सुरू होतात, हे पुढे त्या छायाचित्रांवरूनच दाखवता येते.